आंदणाची होडी आणि धर्मेशची पिकअप

॥ श्री ॥

राई, भाईंदर (प.)
३ एप्रिल १९९४

ती. सौ. अनसूया मावशीस,
चांदणीचा शि. सा. न. वि. वि.

साखरपुड्याचे पेढे खाऊन पेणला गेलीस ती पोचल्याचं साधं कार्डही टाकलं नाहीस. काकांनी तुला वाटेत वडखळला विकली की काय, अशी आई रोज चौकशी करते. मी एसटीडीवरून फोन केला असता, पण आमच्या बूथवर मागे रांग लावून अख्खी राई ऐकते. आणि जे लिहायचंय ते राईनं ऐकण्यासारखं नाही. हे पत्र वाचून आईला परत काही कळवू नकोस.

मावशी, मला हे लग्न करावंसं वाटेनासं झालंय. घाबरू नकोस. धर्मेशला व्यसन नाही, दुसरी कुणी नाही, दिसायलाही तू म्हणालीस तसा बरा आहे. त्याचं दुखणं वेगळंच आहे. त्याला ‘नाही’ म्हणता येत नाही. ती सेकंडहँड पिकअप घेतल्यापासून वरसाव्यात कुणीही काहीही मागावं आणि यानं ‘होईल ना’ म्हणावं. गेल्या रविवारी शांती नगरातल्या एका गुजराती कुटुंबाला सामान हलवायला सकाळची वेळ दिली, बँडवाल्यांना तीच वेळ दिली आणि कुणाची तरी म्हैस चेन्याला पोचवायलाही तीच. म्हैस तेवढी वेळेवर गेली. शेठाणी कपाटाशेजारी खुर्ची टाकून दुपारपर्यंत बसली होती. उद्या मी त्या घरात गेले की ते कपाट मी असणार, हे मला स्पष्ट दिसतंय.

आता नवीन ऐक. आमच्या बाबांनी आंदण म्हणून मला त्यांची होडी द्यायचं ठरवलंय. लोक फ्रीज देतात, गोदरेजचं कपाट देतात, श्री. आत्माराम पाटील होडी देतात. बाबांची पाठ गेल्यापासून ती सात वर्षं अंगणात पालथी पडली आहे. वरसाव्याला धर्मेशच्या घरामागेच खाडी, तेव्हा ती तिथं पुन्हा पाण्यात जाईल, ही त्यांची आशा. खाडीतून वल्हवत न्यावी तर फळ्यांच्या सांधी उघडल्यात, भाईंदरच्या पुलापर्यंतसुद्धा तरंगायची नाही. म्हणून रस्त्यानं न्यायची. पिकअपला मागे ट्रॉली लावून, भाईंदरचं फाटक, काशीमीरा, मग हायवेनं वरसावे. बाबांनी विचारलं, जमेल का. धर्मेश काय म्हणाला ते सांगायला नको.

होडीकडे त्यानं धड पाहिलंसुद्धा नव्हतं. मी काशीमीऱ्याच्या गॅरेजवाल्याला विचारलं, तर तो हसून म्हणाला की भाभी, ही तर घरसुद्धा खेचेल. म्हणजे तो याचाच दोस्त.

काका एवढी वर्षं एसटी चालवून रिटायर झाले. त्यांना विचार, पिकअप किती ओढू शकते हे नेमकं कशावर ठरतं. आणि तू मला सांग, जो माणूस जन्मात कुणाला नाही म्हणाला नाही, त्याच्याशी संसार कसा करायचा. हळदीआधी तो एकदा जरी कुणाला तोंडावर नाही म्हणताना दिसला, तर मी गुपचूप बोहल्यावर चढेन. नाही दिसला तर बाबांना सांगून मोकळी होईन. मग राईत काय व्हायचं ते होवो.

कळावे. लोभ असावा, आणि निदान पंधरा पैशांच्या कार्डापुरता तरी दिसावा.

तुझी,
चांदणी

---

पेण
९ एप्रिल १९९४

चि. चांदणी हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र मिळालं. विकली गेले नव्हते, पापडांत होते. तुझ्या आईला काही कळवणार नाही. तशीही ती माझी पत्रं चष्म्याशिवाय वाचते आणि हवं ते समजते.

तुझा प्रश्न काकांना वाचून दाखवला ही माझी चूक झाली. एसटी सुटल्यापासून या माणसाला कुणी काही विचारलं नव्हतं. जेवण निवलं तरी यांचं चालूच. पुढे लिहिते ते सगळं त्यांचं, मी फक्त त्यातल्या शिव्या काढल्यात.

ते म्हणतात, गाडी किती ओढते हे इंजिनावर ठरतं असं ज्याला वाटतं त्यानं बैल पाळावेत. इंजिनात जोर हवाच, पण तो चाकांपर्यंत पोचतो कसा ते बघायचं. गिअर आणि मागच्या धुऱ्यातले दाते पळण्यासाठी कापलेत की ओढण्यासाठी, त्यावर अर्धं गणित. नाहीतर गाडी सपाटीला ऐटीत जाते आणि चढाला क्लच जळल्याचा वास येतो. मग चासी, म्हणजे गाडीचा सांगाडा. हुक चासीला पक्का केलेला असावा, नुसता बंपरला नको. बंपरला बांधलास तर बंपर होडीपाशी राहील आणि जावईबापू एकटेच वरसाव्याला पोचतील. मग स्प्रिंगचे पाटे, टायर, आणि उन्हात तापून उकळणारा रेडिएटर. यात जो भाग सगळ्यात कमजोर, तेवढीच गाडीची ताकद. बाकीचे कितीही दणकट असले तरी त्यांचा उपयोग नाही.

गाडीत बसलेली माणसंही त्याच हिशेबात धरायची. होडीचं वजन, ट्रॉलीचं वजन आणि मागच्या हौद्यात नाचणारे करवले, सगळं एकाच गाडीच्या अंगावर येतं. शिवाय ट्रॉलीवर होडी कशी ठेवलीय तेही महत्त्वाचं. वजन जरासं पुढे, हुकावर बसावं. मागे गेलं तर ट्रॉली शेपटीसारखी हलते आणि गाडीचं बूड उचलते. फार पुढे आलं तर पुढची चाकं हलकी होतात आणि स्टिअरिंग नुसतं हातात राहतं.

आणि शेवटी ब्रेक. इथे त्यांनी ताट बाजूला सारलं. म्हणाले, ओढणं हे कुणीही करेल, खरा प्रश्न थांबवण्याचा आहे. ट्रॉलीला स्वतःचा ब्रेक नसतो. उतारावर ती मागून ढकलते आणि पुढच्या गाडीला दोघांचं वजन धरावं लागतं. कंपनी जो आकडा देते तो नुसता ओढता येईल असा नसतो. चढून, उतरून, मध्ये कुणी आडवं आलं तर थांबून, मग जेवढं उरतं तेवढा तो आकडा.

हा माणूस एवढं सगळं जाणतो आणि घरातला पलंग खिडकीपासून हलवा म्हटलं तर गेल्या दिवाळीपासून कंबर धरतो. तेव्हा नाही म्हणणाऱ्या नवऱ्याचंही फार कौतुक धरू नकोस. माझ्याकडे एक आहे, बघून जा.

धर्मेशबद्दल मी एवढंच सांगते. सगळ्यांना हो म्हणणारी माणसं दोन प्रकारची. एकाला सगळ्यांचं भलं करायचं असतं, दुसऱ्याला कुणाचं तोंड वाकडं झालेलं बघवत नाही. पहिला थकून सुधारतो, दुसरा बायकोला थकवतो. तुझा कुठला ते तूच बघ, मी एका पेढ्यावरून ओळखू शकत नाही.

कळावे. लोभ आहेच, पापडही आहेत, दोन्ही लग्नाला घेऊन येईन, लग्न असलं तर.

तुझी,
अनसूया मावशी

---

॥ श्री ॥

राई
१८ एप्रिल १९९४

ती. सौ. मावशीस आणि ती. काकांस,
चांदणीचा शि. सा. न. वि. वि.

काकांचं व्याख्यान मी कारखान्यात नेलं. आमच्या भांड्यांच्या कारखान्यात धर्मेश दर शुक्रवारी पत्र्याचे रोल टाकायला येतो. तिथल्या पॉलिशच्या धुळीत उभं राहून त्याला सगळं वाचून दाखवलं. मला वाटलं, हसेल. पण त्यानं निमूट ऐकलं, मध्ये दोन प्रश्न विचारले आणि ‘मागच्या धुऱ्यातले दाते’ तर पुन्हा वाचायला लावलं.

त्यानंतर त्यानं जे केलं ते लिहिलंच पाहिजे, नाहीतर मी पक्षपाती ठरेन. हुक खरंच बंपरला होता. तो काढून चासीला घेतला, खाली लोखंडी पट्टी मारून. ब्रेकचे लायनर नवे टाकले. मांडववाल्याची जनरेटरची ट्रॉली मागून आणली आणि तिचे टायर बदलले. करवल्यांना हौद्यात बसता येणार नाही असंही ठरलं. पण ते त्यानं स्वतः सांगितलं नाही, आपल्या आईकडून, रुक्मिणीकाकूंकडून वदवलं. नाही म्हणायलासुद्धा हा माणूस दुसऱ्याचं तोंड भाड्यानं घेतो.

मग प्रश्न आला होडीच्या वजनाचा. धर्मेश म्हणाला, काशीमीऱ्याच्या काट्यावर घालू, पाच मिनिटांचं काम. बाबा असे भडकले की आईनं आतून देवाचा दिवा विझला का ते पाहिलं. काट्यावर भंगार घालतात, बापाची होडी नाही. आमच्याकडे होडीचं वजन माणसांत सांगतात. ही सोळा माणसांची होडी. सोळा जणांनी उचलली की उठते, पंधरांनी उठत नाही. धर्मेशनं त्यावर मान हलवली आणि अर्थातच ‘होईल’ म्हणाला. नंतर मला हळूच म्हणाला की सोळा माणसांचे त्यानं सव्वा टन धरलेत, गाडीला तेवढं झेपेल, त्याच्यावर थोडंही नाही. मी म्हटलं, हे बाबांना सांग. तर चपलेचा अंगठा बघत बसला.

बाबा सध्या सुखात आहेत. होडी सुलटी केली, भेगांत कापूस आणि डांबर भरलं, आणि आता फळ्या फुगाव्यात म्हणून तिच्यात विहिरीचं पाणी सोडून ठेवलंय. जुनी होडी पाण्यात घालायच्या आधी तशी भिजवावीच लागते, नाहीतर सांधी मिटत नाहीत. आमच्या अंगणात तळं झालंय. बाबा सकाळ-संध्याकाळ काठावर बसून फळ्यांना बोट लावून बघतात, आई चुलीवरच्या दुधाला लावते तसं. वरसाव्याच्या मंडळींसमोर पाण्यात उतरताना होडी एक थेंबही गळता कामा नये, एवढं एकच त्यांच्या डोक्यात आहे. वाहून न्यायच्या आधी पाणी काढतील.

एक मे, सुट्टीचा दिवस, तेव्हा होडी निघणार. मावशी, मी अजून त्याला कुणालाही नाही म्हणताना पाहिलेलं नाही. तुझ्या दोन प्रकारांपैकी तो दुसरा वाटतोय. हळद चौदा मेला आहे.

कळावे. लोभ असावा, काकांचा थोडा जास्त, कारण ते निदान उत्तर देतात.

तुझी,
चांदणी

---

पेण
२४ एप्रिल १९९४

चि. चांदणीस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र छोटंच लिहिते, कारण उरलेल्या जागेत काकांना लिहायचंय आणि ते पेन घेऊन मागे उभे आहेत.

बाबांवर रागावू नकोस. तुझ्या आईला बघायला आले तेव्हा ते याच होडीतून आले होते आणि पाय चिखलानं भरले म्हणून माझ्या आजोबांनी त्यांना ओट्यावरच बसवलं होतं. तरी सगळ्यांकडे असे बघत होते, जणू आम्हीच त्यांच्या दारात आलोय. असा माणूस होडी काट्यावर घालायचा नाही. पण धर्मेशनं ते ऐकून घेतलं, हे मात्र मला आवडलं नाही. त्याला गाडीचं कळतंय आणि तोंड उघडत नाही. न कळणाऱ्यापेक्षा हे वाईट. तू लग्न मोडलंस तर मी तुझ्या बाजूनं राईला येऊन उभी राहीन, एवढं धरून चाल.

कळावे. माया आहे तशीच ठेव, मीही ठेवते.
तुझी मावशी

चि. चांदणी, आशीर्वाद. सव्वा टन हा अंदाज ठीक. उतारावर दुसरा गिअर, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, तापले की धरत नाहीत. होडी दोरानं चार ठिकाणी बांधा. होडीत सुटं सामान ठेवू नका, ते हललं की सगळं गणित बिघडतं. पलंग हलवला आहे.
शशिकांत काका

---

॥ श्री ॥

राई
४ मे १९९४

ती. सौ. मावशीस व ती. काकांस,
चांदणीचा शि. सा. न. वि. वि.

सगळे सुखरूप आहेत, हे आधी लिहिते. बाबांच्या कपाळावर टेंगूळ आहे, ते तेल लावू देत नाहीत.

तीस तारखेला संध्याकाळी होडी उपसून कोरडी केली आणि सोळा जणांनी ट्रॉलीवर चढवली. धर्मेशनं चार ठिकाणी दोर बांधले, हुकावर किती भार येतो ते स्वतः उभं राहून पाहिलं. सकाळी मी उठले तर बाबा पंपाचा पाइप होडीत सोडून उभे. मला वाटलं, वरून शिंपडतायत. मग त्यांनी ताडपत्री ओढून बांधली आणि आम्ही चहा घेतला. मी काही विचारलं नाही.

मावशी, त्यांनी होडीत वीतभर पाणी भरलं होतं. मेच्या उन्हात रस्त्यानं फळ्या वाळतील, सांधी उघडतील आणि वरसाव्याला सगळ्यांसमोर होडी गळेल, म्हणून. वीतभर म्हणजे काही वाटत नाही. पण एवढ्या लांबरुंद होडीत वीतभर पाणी म्हणजे होडीवर दुसरी होडी ठेवल्यासारखं. आणि काका सुट्या सामानाचं म्हणाले होते, यापेक्षा सुटं सामान जगात दुसरं नाही.

गाडी निघतानाच क्लचचा वास आला. धर्मेश उतरून टायर बघून आला आणि बाबांना म्हणाला, जड वाटतेय. बाबा म्हणाले, तुझी गाडी मऊ हाय. त्यावर हा म्हणाला, ‘होईल.’ मी आणि आई मागून रिक्षात होतो. मी तिथंच मनातल्या मनात लग्न मोडलं.

फाटकाच्या चढावर गाडी तोंड वर करून उभी राहिली. पाणी मागे गेलं, हुक वर उचलला गेला, मागची चाकं नुसती फिरायला लागली. भाजीवाल्यांनी ढकलून वर काढली. खाली उतरताना ताडपत्रीखालून पाण्याचा लोट आला आणि रिक्षावाल्याची काच धुतली गेली. तेव्हा मला कळलं. मी ओरडत होते, रिक्षावाला म्हणत होता, अरे बहनजी, बोट में पानी तो रहेगाच.

काशीमीऱ्याच्या पुढे हायवे खाडीकडे उतरतो. तिथं पुढच्या टेम्पोनं अचानक वेग कमी केला. धर्मेश दुसऱ्या गिअरमध्येच होता, त्यानं ब्रेक दाबला. गाडी थांबायला आली, तेवढ्यात आतलं सगळं पाणी पुढे धावलं आणि ट्रॉलीनं गाडीला मागून धक्का दिला. गाडी रेटत चालली. टेम्पोत माणसं बसलेली होती. धर्मेशनं स्टिअरिंग डावीकडे ओढलं आणि गाडी भरावाच्या मातीत घुसवली. पुढची चाकं रुतली आणि सगळं थांबलं. मी रिक्षातून कशी उतरले मला आठवत नाही. तो दिसेपर्यंत मी देवाला नवस बोलत होते, हे तुलाच लिहिते, त्याला सांगितलेलं नाही.

तो उतरला आणि सरळ मागे जाऊन ताडपत्री उचलली. पाणी बघितलं, बाबांकडे बघितलं. माणसं जमली होती, ट्रकवाले हॉर्न मारत होते. बाबा कपाळ चोळत खाली आले आणि काहीच झालं नसल्यासारखे म्हणाले, गाडी मातीतून काढा आणि हळू चला, पाणी तसंच जाईल. आईनं त्यांचा हात धरला, तो त्यांनी झटकला. मग सगळ्यांदेखत बोलले, होडी जाईल तर भिजलेलीच, न्हायतर लगीन पन ऱ्हाऊ दे.

धर्मेशचं तोंड उघडलं. त्याचा ‘हो’ तयार होताना मला दिसला, मावशी. इतक्या वेळा पाहिलाय की लांबूनही ओळखते. मग त्यानं ते मिटलं.

“नाही होणार,” तो म्हणाला.

बाबांना ऐकू आलं नाही असं वाटून त्यानं पुन्हा सांगितलं. गाडी ओढेल, तिला थांबता येणार नाही. पुढे टेम्पोत पोरं होती. तुम्ही माझ्या शेजारी बसला होता. पाणी काढा, नाहीतर होडी इथंच राहील, आणि लग्नाचं तुम्ही म्हणाल तसं. एवढं बोलून तो मातीत खाली बसला.

बाबा होडीला टेकून उभे राहिले. होडीत पाणी उपसायचा पत्र्याचा डबा नेहमी असतो, तो होता. मी पदर खोचला आणि ट्रॉलीच्या चाकावर पाय देऊन आत चढले. नवी साडी होती, रुक्मिणीकाकूंनी साखरपुड्याला दिलेली. पोटरीपर्यंत पाण्यात उभी राहून हायवेवर पाणी उपसून टाकायला लागले. ट्रकवाल्यांचे हॉर्न थांबले. बाबा बघत राहिले. मला वाटलं, आता हात धरून खाली ओढतील.

बऱ्याच वेळानं त्यांनी चपला काढल्या आणि आत आले. म्हणाले, पुढून उपस, नाक खाली हाय, पाणी सगळा पुढे हाय, एवढी वर्षं होडीवाल्याची पोर आणि अक्कल न्हाय. माझ्या हातातून डबा घेतला आणि स्वतः उपसायला लागले. मी ओंजळीनं काढत होते. मध्ये एकदा त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं, पोराला लागलं तर नाही ना.

ट्रकवाल्यांनी ढकलून गाडी मातीतून काढली. वरसाव्याला पोचलो तेव्हा दुपार झाली होती. होडी पाण्यात घातली आणि ती चाळणीसारखी गळली. बाबांना ज्याची भीती होती ते सगळ्या गावासमोर झालं. ते गुडघाभर पाण्यात उभे, चेहरा पार उतरलेला. मला त्यांच्याकडे बघवेना. तेवढ्यात रुक्मिणीकाकू घरातून कळशी घेऊन आल्या आणि साडी वर खोचून होडीत चढल्या. म्हणाल्या, आमच्या घरची होडी हाय आता, आम्हीपन उपसू. बाबा रडले, मावशी. मग म्हणाले डोळ्यात खाडीचं पाणी गेलं. आज चौथा दिवस, सांधी मिटल्यात आणि ती तरंगतेय.

तर मी लग्न करतेय. आनंदानं करतेय, हेही लिहिते, कारण तू विचारशील. पंधरा मेला सकाळी, तुम्ही दोघांनी हळदीआधीच यायचं. तुमच्याकडची मंडळी बरीच आहेत म्हणून मी काल धर्मेशला म्हटलं की पिकअप घेऊन पेणला जा आणि मावशीकडच्या सगळ्यांना घेऊन ये. तो थोडा विचार करून म्हणाला, एवढी माणसं मागे बसवून नाही होणार.

तेव्हा तुम्ही एसटीनं या.

कळावे. लोभ जेवढा झेपेल तेवढा असावा.

तुझी,
चांदणी